परवाना आणि पाडस

आमच्या घरी वडिलांच्या वडिलांना आम्ही ‘दादा’ म्हणत असू. दादा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक अब्बांकडे आली आणि अब्बांनंतर ती माझ्याकडे. तीत जमिनीचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, एक जीर्ण जानमाज आणि मेणकापडात गुंडाळलेला शिकारीचा परवाना होता. परवान्याला दोऱ्यानं शिवलेला वहीचा एक कागद होता. त्यावर शाळेतल्या गुरुजींच्या वळणदार अक्षरात मराठीत काही कलमं लिहिलेली. कोणता प्राणी मारायचा, कोणता नाही, कुठल्या दिवसांत बंदूक भिंतीवरून काढायचीच नाही, असं सगळं.

दादांना इंग्रजी येत नव्हतं. सरकारी कागदावरच्या अटी इंग्रजीत. म्हणून त्यांनी गुरुजींकडून त्यांचा अर्थ लिहून घेतला होता. दरवर्षी मोसम सुरू होण्याआधी दादा तो कागद चावडीवर न्यायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. गावात बंदुका दोन-तीनच, पण ऐकायला सगळे बसायचे. हाकारे घालणारी पोरं, कुत्री बाळगणारे धनगर, गावाबाहेर पाल ठोकून राहणारे फासेपारधी. ‘कायदा सगळ्यांना ठाऊक पायजे, मग कुणी म्हणायला नको की मला म्हाईत नव्हतं,’ असं दादा म्हणायचे.

‘परवाना’ या शब्दाची एक गंमत आहे. मराठीत त्याचा अर्थ सरकारी मुभा. उर्दू शायरीत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. दोन्ही अर्थ फारसीतूनच आले. लहानपणी मला वाटायचं, दादांच्या ट्रंकेत एखादा पतंग जपून ठेवला आहे. आज त्याच कागदाच्या निमित्तानं शिकारीच्या नियमांविषयी थोडं बोलायचं आहे.

आपला एक समज असतो, की शिकारीवरची बंधनं इंग्रजांनी आणली आणि त्याआधी ज्याच्या हातात बाण तो राजा होता. इतिहास तसं सांगत नाही. आपल्या नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा होता. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, तिथे मृगया चाले. आपण मात्र धर्मयात्रा सुरू केल्या, असं सम्राट त्या लेखात सांगतो. अशोकाचा पाचवा स्तंभलेख तर चक्क नियमांची यादीच आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर त्यानं पोपट, मैना, वटवाघूळ, साळिंदर अशा कितीतरी जिवांना अवध्य ठरवलं. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारायची नाही, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मारायचं नाही आणि वर्षातल्या ठरावीक तिथींना मासेही धरायचे नाहीत. ‘बंद काळ’ हा शब्द तेव्हा नसेल, पण कल्पना होती. आणि ती दगडी खांबांवर, लोकांच्या भाषेत कोरून ठेवली होती.

माझ्या धर्मात शिकार हलाल आहे, पण मोकाट नाही. हजला निघालेला माणूस एहराम बांधतो, त्या क्षणापासून त्याला जमिनीवरची शिकार मना होते. समुद्रातली चालते. कुराणातल्या सूरह माइदामध्ये हा हुकूम आहे आणि जाणूनबुजून तो मोडणाऱ्यानं काय भरपाई द्यायची तेही सांगितलं आहे. मारलेल्या जनावराच्या तोडीचं जनावर कुर्बानीला द्यायचं, नाहीतर गरिबांना जेवू घालायचं, नाहीतर रोजे धरायचे. ‘जाणूनबुजून’ या शब्दावर दादा फार जोर द्यायचे, असं अब्बा सांगत.

बादशाह जहांगीर हा नियम आणि हौस यांच्या मधोमध उभा असलेला माणूस. आपल्या आत्मचरित्रात त्यानं शिकारीचा हिशेब मांडला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षापर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरं आणि पक्षी मारले गेले. त्यातले १७,१६७ त्यानं स्वतःच्या हातानं मारले. इतका काटेकोर हिशेब ठेवणारा हाच बादशाह गादीवर बसताच आठवड्यातले दोन दिवस, गुरुवार आणि रविवार, जनावर कापायला बंदी घालतो. लाहोरजवळ शेखुपुऱ्याला त्याचं मन्सराज नावाचं एक लाडकं हरीण मेलं. त्याच्या कबरीवर त्यानं हरणाच्या आकाराचा दगड बसवला आणि हुकूम काढला, की या मैदानात कुणी हरीण मारू नये. त्याचं मांस हिंदूला गाईच्या मांसासारखं आणि मुसलमानाला डुकराच्या मांसासारखं समजावं. तिथला हिरन मिनार आजही उभा आहे. पुढे नातू शुजा आजारी पडला, तेव्हा तो बरा व्हावा म्हणून जहांगीरनं आपल्या हातानं जीव न मारण्याचा नवस केला. हजारो जिवांचा हिशेब ठेवणाऱ्याला आपल्या घरचं एक मूल आजारी पडलेलं पाहून हात आवरावासा वाटला. तो मोठा राजा होता की नाही हा वेगळा विषय, पण माणूस म्हणून तो इथे ओळखीचा वाटतो.

हे झालं राजांचं. ज्यांचं पोटच पारधीवर, त्यांचे नियम कुठल्या खांबावर कोरलेले नव्हते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी आपल्याच महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास करून नोंदवलं आहे, की एका मुलखात राहणाऱ्या या जमातींनी शिकार आपसात वाटून घेतली होती. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि पक्षी धरत, नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीनं रानडुक्कर, घोरपड, साळिंदर मारत, वैदू सापळ्यात छोटे मांसाहारी प्राणी पकडत. एकानं दुसऱ्याच्या ताटातलं घ्यायचं नाही. आणि फासात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं, तर फासेपारधी ते सोडून देत. कुणी पाहत नसतानाही सोडून देत. ज्याला उद्याही याच माळावर पोट भरायचं आहे, त्याला पाडसाची किंमत कायद्याच्या पुस्तकातून शिकावी लागत नाही.

मग साहेब आला. माझा जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. इथल्या उघड्या माळांवर माळढोक चरायचा. काही जण त्याला ‘हूम’ म्हणतात. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजानं १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत एकट्या या जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज आपल्या साऱ्या महाराष्ट्रात माळढोक शोधायचा म्हटला, तर हाताची बोटं जास्त होतील.

सरकारला पुढे जाग आली, पण टप्प्याटप्प्यानं. १८८७ साली रानपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यानंतर आला १९१२ चा पशुपक्षी संरक्षण कायदा. त्यानं प्रांतिक सरकारांना ‘बंद काळ’ जाहीर करण्याचा अधिकार दिला. त्या काळात यादीतलं जनावर वा पक्षी धरायचा नाही, मारायचा नाही, विकायचा नाही, विकत घ्यायचा नाही. यादी वाचण्यासारखी आहे. तीत माळढोक आहे, बदकं, मोर, तित्तर, लावे आहेत. हरणं, गवे, रानम्हशी, गेंडे, ससे आहेत. बगळे, नीलपंख आणि खंड्याही आहेत. हे तीन कशाला? तर त्यांच्या पिसांना विलायतेत मडमांच्या टोप्यांसाठी मोठी मागणी होती. वाघ मात्र यादीत नाही. बिबट्याही नाही. त्यांना मारणं म्हणजे उपकार, असा तो काळ होता. शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. पुन्हा केला, तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा शंभर रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पन्नास रुपये साहेबाच्या खिशाला जड नव्हते. पारध्यासाठी ती वर्षभराची पुंजी होती. शिवाय पारध्याचा हिशेब त्याआधीच लावून झाला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं सरकारला अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवण्याचं हत्यार दिलं आणि पारध्यांच्या कपाळी तो शिक्का बसला. तो कायदा जाऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या १९५२ साली. कागदावरून शिक्का पुसला गेला. ठाण्यातल्या माणसांच्या मनातून तो पुसला गेला की नाही, हे पालावर जाऊन विचारावं.

या कथेतलं मुंबईचं पान मात्र मला आवडतं. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत दोन आपले मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. १९०८ साली या संस्थेच्या कचेरीत बारा वर्षांचा एक मुलगा मेलेली चिमणी घेऊन आला. छऱ्याच्या बंदुकीनं त्यानंच ती पाडली होती आणि तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून तो चक्रावला होता. त्याला चिठ्ठी देऊन पाठवणारे त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. सचिव मिलार्ड साहेबांनी त्या पोराला भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचं, हे त्याचं त्या वयातलं स्वप्न होतं.

त्यांचेच एक नातलग हुमायून अब्दुलअली. तेही बंदूक चालवणारे आणि पक्ष्यांचे जाणकार. मुंबई राज्यानं १९५१ साली वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला, त्याच्या मसुद्यामागे अब्दुलअलींची मेहनत होती. परवाने, बंद काळ, अभयारण्यं यांची नीट घडी घालणारा तो कायदा पुढे देशाच्या कायद्यालाही उपयोगी पडला. शिकाऱ्यानं शिकारीला लगाम घालणारा कायदा लिहावा, यात मला विसंगती वाटत नाही. पिल्लं कधी होतात, मादी कुठे चरते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दादांच्या ट्रंकेतला परवाना याच कायद्याखालचा.

आता जे सांगणार आहे, ते अब्बांनी मला एकदाच सांगितलं. साल १९६४. अब्बा तेव्हा बारा वर्षांचे. आषाढ लागला होता. दादांनी चावडीवर कागद वाचून बंदूक भिंतीला टांगली होती. एका संध्याकाळी जीप आली. मोठ्या हुद्द्याचे एक साहेब आणि त्यांचे दोघे पाहुणे. त्यांचं नाव आणि खातं मी सांगणार नाही. माळाची वाट दाखवायला त्यांना दादा हवे होते. दादा म्हणाले, ‘साहेब, सध्या बंद काळ आहे.’ साहेब हसले. म्हणाले, ‘मियाँ, बंद कुणासाठी?’ दादांच्या जमिनीचं एक काम त्या हुद्द्याच्या टेबलावर अडकलेलं होतं. दादा जीपमध्ये बसले. अब्बाही मागे चढले. सोबतीला पालावरचा एक पारधी घेतला, कारण रात्री माळावर जनावर कुठे बसतं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

दिव्याच्या झोतात डोळे चमकले. बार झाला. जवळ गेल्यावर पारधी खाली बसला, जनावराच्या पोटावरून त्यानं हात फिरवला आणि दादांकडे पाहून म्हणाला, ‘चाचा, भरलेली हाय. आमी सोडली असती.’ एवढंच. साहेबांनी मांस नेलं. सोलण्याची मजुरी म्हणून कातडं पारध्याला दिलं.

आठ दिवसांनी पालावर झडती आली. कशासाठी आली कोण जाणे, पण सापडलं कातडं. पारध्याला धरून नेलं. बंद काळात हरीण मारल्याचा गुन्हा. त्याला विचारलं, की हा बंद काळ आहे हे तुला ठाऊक होतं का? तो ‘होय’ म्हणाला. खोटं कसं बोलणार? दादांनीच चावडीवर वाचून दाखवलं होतं आणि तो पुढेच बसला होता. साहेबांचं नाव त्यानं घेतलं नाही, कारण ते घेऊन उपयोग नव्हता. दादांचं नाव त्यानं घेतलं नाही, ते का, हे अब्बांना कधी कळलं नाही. दंड भरायला पैसे नव्हते म्हणून त्यानं कैद भोगली. दादा ठाण्यात गेले नाहीत. कोर्टातही गेले नाहीत. तीन दिवस घरात बसून राहिले, दादीनं वाढलेलं ताट तसंच परत पाठवत राहिले.

त्या वर्षी परवान्याची मुदत संपली, ती दादांनी पुन्हा वाढवली नाही. बंदूक जमा केली. जमिनीचं काम मात्र झालं. त्या जमिनीचं पीक आम्ही खाल्लं आहे. मी बी.ए. झालो तो त्याच जमिनीच्या ज्वारीवर. म्हणून ही गोष्ट मी परक्याची म्हणून सांगू शकत नाही.

पुढे देशाचा कायदा बदलत गेला. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत वाघ भरले १,८२७. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. अनेकांना माहीत नसतं, की या कायद्यातही सुरुवातीला परवान्यावर शिकारीची सोय होती, बंद काळाची तरतूद होती, जीपमधून किंवा झोत टाकून शिकार करायला मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती सगळी कलमं वगळली. हंगामच उरला नाही, तर बंद काळ कशाला? २०२२ च्या दुरुस्तीनं परिशिष्टं सहावरून चारावर आणली. काळवीट पहिल्या परिशिष्टात आहे. आज ते मारलं तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड. पिकात रानडुकरं घुसली, तरी शेतकऱ्यानं आपल्या मनानं बार टाकायचा नाही. त्यासाठी अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. हे आधी माहीत करून घेतलेलं बरं. पीक गेल्याच्या रागात माणूस काही करून बसतो आणि मग वकिलाचं दार शोधतो.

कायदा कडक झाला हे चांगलंच झालं. आमच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झालं. अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं, पण कळप टिकले. मागच्या पावसाळ्यात मी नातीला घेऊन गेलो होतो. दारावरची नियमांची पाटी तिनं मोठ्यानं वाचून दाखवली. आत गेल्यावर एक हरणी पाडसासह आडवी गेली. नात म्हणाली, ‘नाना, ती आपल्याला घाबरत नाही.’ मी काही बोललो नाही.

नियम माहीत नसणं ही सबब चालत नाही, असं न्यायालय म्हणतं आणि ते बरोबर आहे. पण आमच्या गावच्या त्या रात्री जीपमधल्या प्रत्येकाला नियम माहीत होता. साहेबाला, दादांना, पारध्याला, अगदी बारा वर्षांच्या अब्बांनाही. शिक्षा झाली ती अशा एकट्याला, ज्याच्या हातात बंदूक नव्हती आणि ज्याच्या जातीचा रिवाज ती हरणी सोडा असं सांगत होता. माझ्या दादांना कायदा पाठ होता. ज्या दिवशी तो बोलून दाखवायची गरज होती, त्या दिवशी ते एकदा बोलले आणि मग जीपमध्ये बसले.

कैदेतून सुटल्यावर पारधी आमच्या घराकडे फिरकला नाही. दादा वारले १९८३ साली. मी शाळेत होतो. कब्रस्तानात सगळे माती देऊन मागे सरले, तेव्हा एक म्हातारा पुढे आला. कुडता फाटका, डोक्याला फडकं. त्यानं तीन मुठी माती टाकली, कबरीजवळ क्षणभर बसला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. अब्बा त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. परत आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्याच रात्री त्यांनी मला ही गोष्ट सांगितली.

तो कागद आता माझ्याकडे आहे. गुरुजींच्या अक्षरातलं शेवटचं कलम असं आहे: ‘मादी व पाडस यांवर बार टाकू नये.’ त्याखाली पेन्सिलीनं, थरथरत्या हातानं, दादांनी पुढे कधीतरी एक ओळ जोडली आहे. ‘आणि टाकणाऱ्याबरोबर जाऊ नये.’ चावडीवर हे कलम वाचायचं राहून गेलं होतं, म्हणून आज वाचून दाखवलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)